ताईची दहा मिनिटं

गुरुवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ताई जेवणाच्या सुट्टीसाठी उठली आणि परत जागेवर आली नाही. डबा टेबलावर तसाच राहिला. शेजारी चष्म्याचं घर, खुर्चीच्या पाठीवर राखाडी स्वेटर.

औषधांच्या त्या गोदामात ती बावीस वर्षं नोकरीला होती. खोक्यांवरचे क्रमांक आणि तारखा यादीशी ताडून बघायच्या, जुळल्या की खूण करायची, हे तिचं काम. वय बावन्न. फाटकावरच्या वहीत ती बाहेर पडल्याची नोंद नव्हती. संध्याकाळी सात वाजता तिच्या नवऱ्याने पोलीस ठाण्यात तक्रार दिली आणि मग तिच्या धाकट्या भावाला फोन केला.

हा भाऊ पोलिसांच्या श्वानपथकात हवालदार. त्याच्याकडच्या कुत्र्याचं कागदोपत्री नाव वीर, पण ठाण्यात सगळे त्याला कारकून म्हणत. नाकाखालून गेल्याशिवाय एकही वस्तू पुढे सरकू द्यायची नाही आणि दुपारी दोननंतर डुलक्या काढायच्या, या दोन गुणांवरून हे नाव पडलं होतं.

नात्यातलं माणूस हरवलं तर शोधावर हवालदाराने स्वतः जायचं नाही, असा पथकाचा नियम आहे. पण दुसरा कुत्रा पाच तासांच्या अंतरावर होता आणि त्याचा पाय दुखावलेला होता. तपास ज्यांच्याकडे होता त्या फौजदार मॅडमनी हवालदाराला बोलावून एवढंच विचारलं, की जमेल का, खरं सांगा. तो जमेल म्हणाला. मॅडमनी ते तसंच लिहून घेतलं.

एक गोष्ट त्याने त्यांना तेव्हाच सांगितली. मंगळवारी ताईचा फोन आला होता. "धाकट्या, तुला एक दाखवायचंय. फोनवर नको," असं ती म्हणाली होती. तो कुत्र्याला आंघोळ घालत होता, हात साबणाचे होते. रविवारी येतोच आहे ना, तेव्हा बघू, असं त्याने सांगितलं. ती म्हणाली, बरं, रविवारी. पुढे तिने काही विचारलं नाही, आणि फोन त्यानेच आधी ठेवला.

शुक्रवारी सकाळी सात चाळीसला त्याने कारकुनाला स्वेटरचा वास दिला. वास द्यायच्या आधी त्याने स्वतः स्वेटर नाकाशी नेला नाही, तसं करायचं नसतं. तरी चिमट्याने तो पिशवीत टाकताना कोपरावरचं रफू दिसलं. ते रफू ताईने त्याच्या घरी बसून केलं होतं, त्याच्याशी बोलत, सुईकडे न बघता.

कुत्रा टेबलाभोवती दोनदा फिरला आणि निघाला. बायकांच्या स्वच्छतागृहाचं दार, मागचा जिना, माल चढवायचा ओटा. तिथे गाड्यांच्या तेलाने तो पाऊण तास अडला. मग मागच्या आवारात शिरला. तिथे जुन्या शेडची एक रांग आहे, वापरात नसलेली. तिसऱ्या शेडच्या शटरखाली दोन बोटांची फट होती. कारकुनाने फटीला नाक लावलं, शेपटी एकदा हलवली, आणि तो खाली बसला. हनुवटी पुढच्या पायांवर ठेवली. भुंकला नाही.

गोदामाचा व्यवस्थापक सगळा वेळ सोबत चालत होता. अदबशीर माणूस. त्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, "दमलाय बिचारा. हे शेड आठ महिने उघडलेलं नाही. किल्लीसुद्धा इथे नसते."

कुलपाला गंज होता. हवालदाराने कुत्र्याकडे बघितलं. माणूस सापडला की भुंकायचं, हे कारकुनाला दोन वर्षं शिकवलेलं होतं. सापडलं आणि भुंकला नाही, असं एकदाही झालं नव्हतं. निदान हवालदाराला तसं वाटत होतं. त्याने अर्धा मिनिट वाट पाहिली आणि दोरी ओढली. कुत्रा उठला नाही. दुसऱ्यांदा ओढली, तेव्हा उठला आणि मागे बघत निघाला. हवालदार त्याला रागावला. पंचनाम्यात नोंद झाली, नऊ वाजून पाच मिनिटांनी वास तुटला. खाली त्याने सही केली.

शनिवारी तपास पुढे सरकला. खोक्यांवरच्या जुन्या तारखांवर नव्या तारखांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या मॅडमना सापडल्या. मुदत संपलेली औषधं वर्षभर तशीच बाहेर जात होती. संध्याकाळी व्यवस्थापकाला ताब्यात घेतलं. त्याचं म्हणणं असं, की गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ताई चिठ्ठ्यांचं एक भेंडोळं घेऊन मागच्या बाजूला गेली. त्याने दोन माणसं तिच्या मागे पाठवली. ती त्यांना मिळाली नाही. पुढचं आपल्याला ठाऊक नाही. त्या दोघांपैकी एक पोलिसांना सापडला, तो हेच सांगत होता. दुसरा गुरुवारपासून घरी गेलेला नव्हता.

रविवारी हवालदाराला सुट्टी होती. रविवारी यायचं ठरलं होतं म्हणून तो ताईच्या घरी गेला. दुसरं कारण नव्हतं. कुत्र्यालाही नेलं, कारण रविवारी तो नेहमी सोबत असायचा.

दाजी शिलाई मशीन दुरुस्त करतात. बोलणं कमी, आणि जे बोलतील ते मशीनविषयी. त्या दिवशी ते एका मशीनचं पोट उघडून बसले होते आणि कशालाच हात लावत नव्हते. चहा त्यांनीच केला. चुकून तीन कप ओतले. तिसरा कप तसाच ताईच्या जागी ठेवला, परत उचलला नाही.

कारकून टेबलाखाली शिरला, ताईच्या खुर्चीशी बसला आणि हनुवटी पायांवर ठेवली.

परवा शटरपाशीही तो असाच बसून राहिला होता, हल्ली लवकर दमतो, म्हातारा व्हायला लागलाय, असं हवालदार म्हणाला. दाजी टेबलाखाली वाकून बघत होते.

"दमला नाहीये तो," ते म्हणाले. "ते तुझ्या ताईने शिकवलंय."

"काय शिकवलंय?"

"गप्प बसायला."

मग दाजींनी सांगितलं, तुटक तुटक, जसं सुचेल तसं.

त्यातलं अर्धं हवालदाराला ठाऊकच होतं. कुत्र्याच्या सरावाला कुणीतरी लपावं लागतं. पथकाची पद्धत अशी, की दर वेळी वेगळा आणि परका माणूस लपवायचा. पण ठाण्यातल्या लोकांनी केव्हाच हात वर केले होते. पगार चोर पकडायचा मिळतो, झुडपात बसायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दोन वर्षं बहुतेक रविवारी ताई लपत होती. कालव्यापलीकडची पडकी वीटभट्टी, शाळेचं रिकामं मैदान, रस्त्याकाठचे मोठे पाइप. कुत्रा मोकळा सोडायचा, त्याने शोधायचं, भुंकायचं, मग हवालदाराने पोहोचायचं. नियम मोडतोय हे हवालदाराला कळत होतं. पण ताईला आवडायचं. लहानपणीही लपंडावात तीच लपायची. पाण्याच्या टाकीमागे, कपाटात, एकदा तर स्वतःच्याच अंथरुणात. तो शोधून शोधून रडकुंडीला यायचा. तुझ्यावरचं राज्य काही सुटत नाही रे धाकट्या, असं ती म्हणायची आणि स्वतःच बाहेर येऊन भोज्याला शिवायची.

"कुत्रा तिला लगेच शोधायचा," दाजी म्हणाले. "भुंकला की तू धावत येणार. म्हणून ती खिशात टोस्ट ठेवायची. हात असा खाली करायची. तो बसला की तुकडा द्यायची. मग दहा मिनिटं दोघं नुसती बसायची. मग ती बोट वर करायची आणि हा भुंकायचा."

"कशासाठी?"

"मीही विचारलं होतं. म्हणाली, सकाळी उठल्यापासून सगळ्यांना सापडतेच आहे मी. आठवड्यातली ही दहा मिनिटं माझी." दाजींनी कपाचा कान उगाच फिरवला. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

त्याला माहीत नव्हतं. सरावाची वही मात्र त्याच्याकडे होती, गाडीतच. त्याने ती आणली आणि टेबलावर उघडली. परका माणूस लपला असेल तिथे शोधाला लागलेला वेळ सात मिनिटं, नऊ, आठ. ताई लपली असेल तिथे अठरा, एकोणीस, सतरा. दोन वर्षांत एकदाही चौदाच्या खाली नाही. समोर त्याच्याच अक्षरात शेरा होता, ताई लपण्यात हुशार.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्याने मॅडमना फोन केला. वास तुटला ही माझी चूक होती, असं पहिलंच वाक्य तो बोलला. मॅडमनी कारण फोनवर विचारलं नाही.

तीन वाजता तिसऱ्या शेडचं कुलूप कापलं. आत मोडक्या फळ्यांचा ढीग, त्यामागे माणसाला आडवं होता येईल एवढी जागा. तिथे पसरलेला पुठ्ठा होता, पाण्याची रिकामी बाटली होती, आणि चिठ्ठ्यांचं भेंडोळं रुमालात गुंडाळून नीट ठेवलेलं होतं. रुमाल ताईचा. हवालदाराने तो ओळखला, पण हात लावला नाही. रक्त नव्हतं. दोरी नव्हती. मागच्या भिंतीला एक अरुंद दार होतं, ते पत्र्याच्या ढिगामुळे बाहेरून दिसत नसे. त्याला बाहेरून कुलूप नव्हतं, कडी फक्त आतून. ती काढलेली होती.

मग मॅडमनी त्याला शटरपाशी बोलावलं. आतल्या बाजूला, फटीच्या अगदी जवळ, धुळीत माणसाच्या हाताचा ठसा होता. तळवा खाली, बोटं जुळलेली, बाहेरच्या दिशेला. ठशापासून वीतभर अंतरावर, फटीच्या बाहेर, टोस्टचा चुरा. मुंग्या लागलेल्या.

शुक्रवारी नऊ वाजून पाच मिनिटांनी त्याचे बूट त्या चुऱ्यापासून हातभर अंतरावर होते.

मॅडमनी दोन शक्यता मांडल्या. त्या त्यांनी त्याच्याकडे न बघता मांडल्या, हे त्याच्या लक्षात आलं. पहिली अशी, की ती आत एकटी होती, लपून बसलेली. फटीतून तिला व्यवस्थापकाचे बूट दिसले, आवाज ऐकू आला, आणि तिने कुत्र्याला गप्प केलं. दुसरी अशी, की न सापडलेला तो माणूस तिच्यासोबत आत होता आणि हात तेवढा तिचा मोकळा होता. धूळ बरीच विस्कटलेली होती. एका माणसाने विस्कटली की दोघांनी, ते सांगता येत नव्हतं.

"तुम्ही बाहेर आहात हे तिला कळलं असेल," मॅडम म्हणाल्या. "मग ती एकटी असेल, तर हाक का मारली नाही?"

 शुक्रवारी आपण कुत्र्याला काय म्हणालो होतो, ते हवालदाराला आठवत होतं. "ऊठ, इथे कुणी नाही." एवढं मोठ्याने, की आत नक्की ऐकू गेलं असेल.

चार वाजून वीस मिनिटांनी त्याने मागच्या दारापाशी कारकुनाला पुन्हा स्वेटरचा वास दिला. वास दोन दिवसांइतका जुना असू शकत होता. मॅडम म्हणाल्या, लागेल का? तो म्हणाला, ठाऊक नाही. कुत्रा पत्र्याच्या ढिगाला वळसा घालून कुंपणाच्या तुटलेल्या तारेतून बाहेर पडला. गटाराच्या कडेने गेला, धुण्याच्या दोऱ्यांखालून, सायकलच्या दुकानामागून. दोनदा थांबला, दोनदा मागे आला आणि पुन्हा पुढे गेला. हवालदाराने एकदाही दोरी ओढली नाही. मॅडम आणि दोन शिपाई वीस पावलं मागून येत होते.

चार छप्पन्नला ते मोठ्या रस्त्यावरच्या बसथांब्याशी पोहोचले. तिथून सहा बसगाड्या सुटतात. थांब्यामागे बंद पडलेलं तिकीटघर आहे, एका खोलीचं, खिडकीला फळ्या ठोकलेल्या, दार अर्धवट वाकलेलं. कारकुनाने थांब्याचा बाक हुंगला, बाकाखालची जमीन हुंगली, मग तिकीटघराच्या दाराशी गेला. खाली बसला. हनुवटी पायांवर ठेवली.

एक शिपाई पुढे झाला. मॅडमनी त्याला हाताने थांबवलं आणि हवालदाराकडे बघितलं.

आत कुणी नाही, वास बाकाशीच संपला आणि कुत्रा खरंच दमला, असंही असू शकतं. ते त्याला कळत होतं. त्याने पथकाची टोपी काढून खिशात घातली, दोरी सैल सोडली आणि कुत्र्याशेजारी जमिनीवर बसला. दाराकडे तोंड करून, हळू आवाजात, तो म्हणाला, "ताई, माझ्यासोबतचे लोक आपले आहेत. तुमचा व्यवस्थापक कोठडीत आहे. घाई नाही. तुझं झालं की सांग."

मग त्याने घड्याळात बघितलं. पाचला एक मिनिट कमी होतं.

पाच वाजून सात मिनिटांनी कारकुनाने कान उभे केले. तो अजून भुंकलेला नव्हता.