शाफ्टवरचं बोट

लखलखच्या गॅरेजचं शटर अर्धंच वर होतं. वाकून आत शिरले आणि सगळ्यात आधी दिसला तो टर्बो. बाकावर, उन्हाच्या पट्ट्यात, आरशासारखा चकचकीत. मागून मामा शिरला, कमरेला हात लावत सरळ झाला आणि म्हणाला, "हा टर्बो आहे की लग्नाच्या रुखवतातलं भांडं?"

"बोल बोल," लखलख म्हणाला. "रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवला होता. आतून-बाहेरून. एक काळा कण दाखव आणि फुकट घेऊन जा."

त्याला लखलख म्हणतात ते उगाच नाही. तो विकायला काढलेला नटसुद्धा घासूनपुसून देतो. घरात जुळं आलं तसं त्यानं आपली बुटकी, वेगवान गाडी मोडीत काढायचं ठरवलं आणि तिचे भाग एकेक करून तो विकत होता. आज टर्बोची पाळी होती.

हा टर्बो मला हवाच होता. गावाबाहेर एक जुनी, बंद पडलेली विमानांची धावपट्टी आहे. रविवारी तिथे आमच्यासारख्यांना परवानगी घेऊन गाड्या पळवता येतात. येता रविवार शेवटचा. त्यानंतर तिथे गोदामं उभी राहणार. माझी गाडी मी आणि मामानं मिळून उभी केली आहे. इंजिनातला प्रत्येक बोल्ट मी स्वतः आवळला आहे. आणि ती त्या पट्टीवर एकदाही धावलेली नाही. आधी क्लच गेला, मग माझी एम.एस्सी.ची परीक्षा आली, आणि सगळं जमून आलं तेव्हा टर्बोनं राम म्हटला. नवा मागवला तर जहाजानं येणार, म्हणजे गोदामांना कुलपं लागल्यावर. माझ्या इंजिनाला बसेल असा जुना टर्बो आसपास हा एकच.

ज्यांनी टर्बो हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी: एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त जोर. हा दांडा, आम्ही त्याला शाफ्ट म्हणतो, मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि बेअरिंगमध्ये त्याला सांभाळतो तो फक्त तेलाचा पातळ थर. धातूला धातू टेकायलाच नको. मला तर यातला हा थरच सगळ्यात जास्त आवडतो.

जुना टर्बो विकत घ्यायची आमच्यात एक रीत आहे. विकणारा भाव आधीच सांगतो, त्यावर घासाघीस नाही. घेणाऱ्यानं शाफ्टच्या टोकावर बोट ठेवायचं. बोट आहे तोवर माल त्याचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मागायचा नाही. हवी तेवढी तपासणी करायची, पण बोट न उचलता. उचललं की 'घेतला' तरी म्हणायचं, नाहीतर 'सोडला'. सोडला की परत नाही.

म्हणून शहाणा माणूस आधी डोळ्यांनी नीट बघतो, मग बोट लावतो. मीही तेच करणार होते. पण तेवढ्यात रस्त्यावरून एक लांबलचक, चढत जाणारी शीळ ऐकू आली.

"शिट्टी आला," मामा म्हणाला.

मी झडप घातली आणि बोट ठेवलं.

शिट्टी म्हणजे माझ्याच वयाचा, माझ्यासारख्याच गाडीचा मालक. त्याचा टर्बो कोपऱ्यावरून ऐकू येतो म्हणून हे नाव. तो शटरखालून आत आला, माझं बोट बघितलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

"थिअरीबाई," माझ्या एम.एस्सी.वरून तो मला हेच म्हणतो, "बघितलास तरी का आधी?"

"बघतेय ना."

"बोट लावून बघतेस? बघ बघ. मी बसतो." आणि तो खरंच उलट्या बादलीवर मांडी घालून बसला.

मी शाफ्ट बाजूला ढकलला. टक. दुसऱ्या बाजूला ढकलला. टक. बारीक, कोरडा आवाज.

"घासतंय," शिट्टी बसल्या जागेवरून म्हणाला. "पाती भिंतीला लागतायत. बेअरिंग गेलं. 'सोडला' म्हण आणि मोकळी हो."

"गेलं तर तू कशाला घेतोस?" मामा म्हणाला.

"शोभेला."

पंख्याचं पातं आणि त्याच्याभोवतीची भिंत यांत कागद जेमतेम जाईल एवढंच अंतर असतं. बेअरिंग झिजलं की शाफ्ट डगमगतो आणि पातं भिंतीला घासतं. असा टर्बो गाडीला लावला तर पहिल्याच जोरात पंख्याचे तुकडे. पण हा आवाज पात्याचाच कशावरून? लखलखनं तो पेट्रोलात बुडवला होता. आतलं तेल थेंबभरही उरलं नसणार. तेलाचा थर नसेल तर चांगला शाफ्टसुद्धा बेअरिंगमध्ये टकटकणारच.

"दादा, धुतल्यावर पुसलास कसा?" मी विचारलं.

"पुसतोय कशाला? कॉम्प्रेसरची हवा मारली. अगं, काय गरगरला! विमान सुटावं तसा आवाज!"

मामानं कपाळाला हात लावला. "कोरडा? तेल न घालता फिरवलास?"

लखलखचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे... सुकायला..."

चकाकीच्या वेडापायी अशी चूक तोच करू जाणे. कोरडा शाफ्ट हवेनं त्या वेगात फिरवला म्हणजे बेअरिंगवर कानस चालवल्यासारखंच. काल धडधाकट असलेला टर्बो आज सकाळी यानं स्वतःच्या हातानं मारला असू शकत होता.

"किती वेळ?"

उत्तर आतल्या दारातून आलं. वहिनी एक बाळ खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. "वेळ कसला? सुरू झाला आणि दोन्ही पोरं किंचाळत उठली. मी तिथूनच ओरडले, बंद कर नाहीतर एकेकाला तुझ्या बाकावर आणून झोपवते. तेवढ्यावर थांबला."

मला वहिनींच्या आणि त्या दोन्ही बाळांच्या पाया पडावंसं वाटलं. पण बोट अडकलेलं.

मी शाफ्ट पुढेमागे ओढून पाहिला. ही चाचणी तेल असो नसो, खरं बोलते. पुढेमागे तो जराही हलला नाही. अर्धी लढाई जिंकले होते. राहिला होता तो 'टक'.

"तेल घाल ना वरून," लखलख म्हणाला आणि फळीवरचा डबा घेऊन धावला. "हे बघ, नवं कोरं. दोन थेंब टाक, आवाज गायब!"

"म्हणूनच नको."

"काय?"

"हे थंड आहे, मधासारखं घट्ट. घट्ट तेल शाफ्टला पुरता सरकूच देणार नाही, म्हणजे पाती भिंतीपर्यंत जाणारच नाहीत. बेअरिंग झिजलेलं असलं तरी आवाज थांबेल. मला हवं तेच उत्तर देईल हे तेल."

"मग तुला नको ते उत्तर देणारं तेल कुठून आणायचं?" मामानं विचारलं.

"गरम आणि पातळ. तेल बेअरिंगमध्ये जातं, पात्यांपर्यंत जातच नाही. पातळ तेलात शाफ्ट पूर्ण बाजूला सरकेल. तरीही आवाज थांबला, तर तो बेअरिंगच्या कोरडेपणाचा होता. राहिला, तर पात्यांचा."

आम्ही बसनं आलो होतो. लखलखच्या गाडीला इंजिनच उरलं नव्हतं. आख्ख्या गल्लीत गरम इंजिन एकच होतं. सगळे हळूहळू बादलीकडे वळले.

"नाही हां," शिट्टी म्हणाला. "माझ्याच गाडीचं तेल, माझ्याच विरुद्ध?"

"बोट लावणारा हत्यार मागेल ते द्यायचं," मामा म्हणाला. "रीत आहे."

"तेल हत्यार नाहीये!"

"दे की रे थेंबभर," वहिनी बाळाला थोपटत म्हणाल्या. "रक्त मागतेय का ती?"

शिट्टी पुटपुटत बाहेर गेला, बॉनेट उघडल्याचा आवाज आला, आणि तो तेल मोजायची पट्टी फडक्यावर आडवी धरून पळत आला. "गेल्याच आठवड्यात बदललंय. सोन्यासारखं आहे, बघ रंग," एवढं मात्र सांगितल्यावाचून राहिला नाही. मी टर्बोच्या वरच्या भोकात थेंब सोडले. उन्हात पडून ते लोखंडही कोमट झालं होतं, म्हणजे तेल आत गेल्यावर लगेच घट्ट होणार नव्हतं. शिट्टीनं आणखी दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला तो धापा टाकत होता आणि, माझी खात्री आहे, त्यालाही उत्तर हवं होतं.

बोटानंच शाफ्ट फिरवून मी तेल आत पसरवलं. मग म्हटलं, "आता कुणी बोलू नका."

बाजूला ढकलला. शाफ्ट सरकला, पुरता सरकला, मला बोटाखाली जाणवलं. आवाज नाही. तसाच दाबून ठेवून हळूहळू एक पूर्ण फेरा दिला. एकेक पातं भिंतीजवळून गेलं. मी कान जवळ नेला. बाळाला उचकी लागली, ती ऐकू आली. दुसऱ्या बाजूला दाबला, पुन्हा फेरा. वर. खाली. काही नाही. लोण्यातून सुरी फिरावी तसा.

"घेतला!" मी ओरडले आणि बोट उचललं.

आतलं दुसरं बाळ रडायला लागलं. लखलखनं इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं, पोरांपेक्षा यालाच आधी निजवावं लागणार. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं, त्यावर पंख्याच्या नटाचे सहा कोन उमटले होते.

"माझ्या तेलाचं काय?" शिट्टी म्हणाला.

"काय हवंय?"

"रविवारी माझ्या शेजारच्या लेनमध्ये उभी राहा. हरवणार आहे तुला. माझ्याच तेलावर हरवलं असं आयुष्यभर सांगता येईल."

टर्बो बसवला तेव्हा मामानं मला स्पार्क बंद ठेवून नुसता स्टार्टर मारायला लावला, टर्बोला तेल देणाऱ्या वरच्या नळीतून तेल टपकेपर्यंत. मग नळी जोडली, इंजिन सुरू केलं, आणि आम्ही दोघं बॉनेटमध्ये डोकी घालून उभे राहिलो. फुसफुस नाही, धूर नाही. मामानं फक्त भुवई उडवली. त्याच्याकडून हे फारच झालं.

रविवारी पट्टीवर गाड्यांची रांग फाटकापर्यंत होती. मामा शेजारच्या सीटवर, हेल्मेट डोक्यापेक्षा मोठं, हनुवटीखालचा पट्टा ओढत बसलेला. उजवीकडच्या लेनमध्ये शिट्टी. कुंपणापलीकडे लखलख आणि वहिनी, दोघांच्या कडेवर एकेक बाळ, बाळांच्या कानांवर त्यांच्या डोक्यापेक्षा मोठे कानबंद.

हिरवा दिवा.

आधी नेहमीसारखंच, गाडी पुढे ओढते, आवाज वाढतो, तुम्हाला वाटतं बस, एवढंच. मग दाबाचा काटा शून्य सोडतो. तो डळमळत नाही, थेट चढतो, आणि पाठ सीटमध्ये रुतते, पट्टी एकदम अरुंद होते, आणि पुढून, बॉनेटखालून, शिट्टीच्याहून बारीक, लांब, स्वच्छ शीळ येते. माझी. तीन नंबरचा गिअर, चार नंबरचा. मी ओरडत होते असं मामा नंतर म्हणाला. मला फक्त ती शीळ ऐकू येत होती.

शिट्टी माझ्या आधी पोचला. फार नाही, बॉनेटभर पुढे. खिडकीतून हात बाहेर काढून तो वेड्यासारखा हलवत होता, आणि मीही हलवत होते, जणू मीच जिंकले.

परतीच्या वाटेवर मामानं हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटलेले, डोळे पोरासारखे चमकत होते.

"रांग केवढी आहे बघ," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय मग? लाव लवकर. फाटक बंद व्हायच्या आत अजून एकदा."