तारेतली पांढरी पाच

मी धारची लेक, देवासची सून, आणि तोंडाची फटकळ. गोड करून सांगणं मला जमत नाही.

देवासात दोन दरबार, मधून रस्ता. आमच्या दरबाराने या कडेला टेलिफोनचे खांब रोवले, पलीकडच्यांनी त्या कडेला विजेचे. मान कुणाचाच कमी व्हायला नको, म्हणून त्यांचे साठ तर आमचेही साठ, आणि तेही बरोब्बर समोरासमोर. असली अक्कल आमच्याच गावात.

आमचे हे दरबारचा टेलिफोन सांभाळत. पलीकडे जबर दाबाची वीज बदलून दिव्यांना पुरवणारं यंत्र येणार असं कळलं, आणि ह्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. यंत्र फिरलं की त्यांच्या तारेत थरथर उठेल आणि ती समोरच्या आमच्या तारेत उतरेल, माणसाचा शब्द ऐकू येणार नाही, तेव्हा आपले खांब दूर न्यावेत, असं ह्यांनी दरबारात लिहून दिलं. यंत्र बसवणारा विलायती इंजिनिअर हसला. तार तारेला शिवत नाही, मग बाधा कसली, म्हणे. आमच्या दिवाण गोपाळरावांनी बजावलं, की खांब हलवणं म्हणजे मानाचा प्रश्न. भाकीत खोटं ठरलं तर नोकरी सोडावी लागेल.

माझं डोकंच फिरलं. ह्यांना म्हटलं, नुसतं गुणगुण होईल म्हणून कोण मानणार? कुठली गुणगुण ते सांगा.

गावातल्या जिनिंग कारखान्यात त्याच जातीचं लहान यंत्र होतं. ह्यांनी त्याच्या तारेशेजारी आपली तार ताणली आणि मला पेटीसकट तिथे नेलं. वडिलांनी धारला मला पेटी शिकवली होती. लोकांनी नावं ठेवली, ठेवोत बापडे. मी टेलिफोन कानाला लावला, एकेक पट्टी दाबून पाहिली. पांढरी एक जुळली. मग ह्यांनी दोन्ही यंत्रांच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्या आणि त्याचे फेरे यांचा गुणाकार मांडला. नव्या यंत्राची थरथर नेमकी दीडपट निघाली.

“दीडपट म्हणजे पंचमच की,” मी म्हटलं. “पांढरी पाच.”

ह्यांनी तेवढंच कागदावर लिहिलं, लाखेची मोहर लावली आणि पाकीट गोपाळरावांकडे दिलं.

यंत्र सुरू व्हायच्या दिवशी आम्ही बायका चिकाच्या पडद्याआड बसलो होतो. दिवे लागले. गोपाळरावांनी टेलिफोन कानाला लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. शब्द ऐकूच येईना. पाकीट फोडलं. दरबारी गवई खंडोजीबुवांनी पेटीची पांढरी पाच दाबून धरली आणि दुसऱ्या कानाला टेलिफोन लावला.

“बिलकुल हाच स्वर, भिया,” ते माळवी बोलीत ह्यांना भाऊ म्हणत म्हणाले.

इंजिनिअरने दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा मागितलंच नाही.

गोपाळरावांनी विचारलं, गणित समजलं, पण स्वर कुणी ओळखला? आमच्यात नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. फार तर लग्नात, उखाण्यात. ह्यांनी पडद्याकडे पाहिलं.

“जानकीबाईंनी. माझ्या कुटुंबाने.”

भर दरबारात! शेजारच्या उमाबाईंनी मला असा चिमटा काढला की हात काळानिळा झाला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. डोळे भरून आले होते.

महिन्याभरात आमचे खांब तलावामागून गेले. साठाचे बावन्न झाले, पण कुणी मोजले नाहीत. आता कुणी विचारलं, की खांब कुणी हलवले, तर मी उखाणा घालत बसत नाही. सरळ सांगते, माझ्या नीलकंठरावांनी.