पडद्यावरची पट्टी

"ताई, उठा तुम्ही. हे विधेयक मी घेतो," मास्तर म्हणाले आणि आपली खुर्ची पुढे ओढू लागले.

"पाळी माझी आहे."

"माहीत आहे. म्हणूनच म्हणतोय. जखमेवर मीठ ते लोक चोळतीलच, निदान हात तरी आपला नको."

तिने हेडफोन कानांवर घट्ट बसवले, उजव्या मनगटाचा पट्टा एक घर आवळला आणि लघुलेखनाच्या छोट्या कीबोर्डवर बोटं टेकवली. मास्तर "करा, काय करायचं ते" असं पुटपुटत मागे सरले.

काचेच्या त्या खोलीत दोघंच बसत. समोरच्या पडद्यावर सभागृह दिसे. तिथे जो जे बोलेल ते ऐकता ऐकता लिहायचं, की क्षणा-दोन क्षणांत ते देशभरातल्या टीव्हींवर तळाच्या काळ्या पट्टीत उमटायचं. लिहिणाऱ्याने स्वतःचा शब्द घालायचा नाही, दुसऱ्याचा गाळायचा नाही. हात भरून येतात म्हणून पाव-पाव तासाने खुर्ची बदलायची. मास्तर पूर्वी लघुलेखनाचा क्लास चालवत. क्लास बसला आणि मास्तर इथे येऊन बसले, असं ते स्वतःच सांगत. तिला मात्र अख्ख्या इमारतीत पट्टीवाली म्हणत, तोंडावरसुद्धा. तिनेही कधी हरकत घेतली नव्हती.

ही नोकरी आली होती प्रसारण कायद्यातल्या एका कलमामुळे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक वाहिनीने थेट कार्यक्रमाखाली अक्षरं देणं बंधनकारक राहील, असं ते कलम म्हणे. आज आलेल्या दुरुस्तीत बाकी सगळं तसंच ठेवून 'बंधनकारक राहील' काढून 'शक्य असेल तेथे द्यावीत' एवढंच घालायचं होतं. शक्य असेल तेथे म्हणजे कुठेच नाही, हे कळायला वकिलाकडे जावं लागत नाही. साहेबांनी आठवड्यापूर्वीच उभ्या उभ्या सांगून टाकलं होतं, की कलम मंजूर झालं तर अधिवेशन संपताच ही खोली जाहिरात विभागाला जाईल. मधे एका यंत्राचीही चाचणी झाली. एका वेळी एक माणूस बोलला तर ते बरं लिही, दोघे बोलले की गप्प बसे. सभागृहात एका वेळी एकच माणूस कधी बोलतो?

नोकरीचं तिला वाईट वाटत होतंच. पण मिळेल दुसरी कुठे तरी. टंकलेखनाचं काम अजून कुणी ना कुणी देतं आणि नवऱ्याची फिरतीची का होईना, नोकरी होती. तिचा जीव अडकला होता तो सासूबाईंपाशी.

सासूबाईंचं सगळं आयुष्य तिकिटाच्या खिडकीमागे गेलं. दिवसभर बोलणं, सुट्या पैशांवरून भांडणं, रांगेतल्या ओळखीच्याला दोन शब्द जास्त. निवृत्तीनंतर एका तापात कान गेले ते गेलेच. कानातलं मशीन लावलं की त्यांना नुसती भांडी आपटल्यासारखी वाटत. त्यांनी ते डब्यात घालून ठेवून दिलं. या वयात हातांच्या खुणांची भाषा शिकायला त्यांनी साफ नकार दिला. "मी मुकी झालेय का? मला बोलता येतं," असं त्या म्हणाल्या आणि तेही इतक्या मोठ्याने, की खालच्या मजल्यावरच्यांनी वर पाहिलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्यांचं साधं 'दार लाव'सुद्धा सगळ्या जिन्याला कळे.

तेव्हापासून ती पट्टी हाच त्यांचा कान. सभागृहाचं कामकाज घरच्या माणसांनीही बघू नये इतकं रटाळ असतं, पण सासूबाई सकाळी टीव्हीसमोर बसत त्या सून घरी येईपर्यंत. आणि सून आली की तपासनीस अवतरे.

"दुपारी त्या जाड्याचे ओठ मिटले तरी तुझी पट्टी चालूच! झोपली होतीस?"

कधी म्हणत, "आज अकराच्या पाळीला मास्तर होते ना? लगेच कळतं. त्यांच्या ओळी लांबलचक. तुझ्या कशा वाचता वाचता संपतात."

ती हसे आणि सोफ्यावर अंग टाके. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला पाटी लावलेली होती, सासूबाईंशी बोलण्यासाठी. पहिल्या वर्षी ती त्यावर दिवसाची हकिगत लिही, दोन्ही बाजू भरून. पुढे मनगट कुरकुरू लागलं आणि पाटीवरचे शब्द आटत गेले. 'जेवलात?' 'येते.' 'डॉक्टर उद्या.' दिवसभर परक्यांचं बोलणं लिहायचं आणि घरी येऊन पुन्हा लिहायचं, याचा तिला खरोखर वीट आला होता. ऐकू येणाऱ्या सासवांना लोकांच्या सुना नुसत्या 'हं' म्हणून वाटेला लावतात. तिला 'हं'सुद्धा लिहून द्यावं लागे.

एकदा सासूबाईंनी तोंडावरच विचारलं होतं, "टीव्हीवर घडाघडा बोलतेस. घरी आलीस की हाताला लकवा मारतो का?" त्या दिवशी ती रागाने जेवली नव्हती. रात्रभर मात्र तिला तेच टोचत राहिलं, कारण ते खरं होतं. तिच्या तोंडचे नसले तरी तिच्या हातचे शब्द सासूबाईंना त्या पट्टीतच मिळत होते. पट्टी गेली की काय उरणार? पाटीवरचं 'येते'.

मंत्री बोलायला उभे राहिले. त्यांचं बोलणं अगदीच टाकाऊ नव्हतं. छोट्या वाहिन्या कायद्याच्या ओझ्याखाली दबल्या आहेत, परवाना घ्यायचा की अक्षरं लिहिणारी माणसं ठेवायची, उद्योग वाढला तर सगळ्यांचंच भलं होईल, वगैरे. ती लिहीत गेली. बोटं आपोआप चालत होती. आपल्याविषयीच बोलणं चाललंय, हे त्यांना ठाऊकच नसल्यासारखी.

मग मधल्या बाकावरचे एक सदस्य उठले. गोरेपान, गोल चेहऱ्याचे. सासूबाई त्यांना 'लोणी' म्हणत.

"अध्यक्ष महोदय, भर दुपारी आमची भाषणं वाचत बसलेला माणूस कुणीतरी मला दाखवावाच! आमच्या घरचे आम्हाला ऐकत नाहीत, वाचणार कोण?"

सभागृह खदखदून हसलं. मंत्री हसले, अध्यक्षही हसले. तिची बोटं थांबली.

मास्तर पुढे वाकले. "ते गाळा. हसण्याचं काय लिहायचंय? कोण तपासतंय आता?"

कोण तपासतं ते तिला माहीत होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका सदस्याने म्हाताऱ्यांवर असाच एक फालतू विनोद केला होता. सासूबाईंना लागेल म्हणून तिने विनोद गाळला, हशाही गाळला. घरी आली तेव्हा सासूबाई लालबुंद. "सगळ्यांची तोंडं हसतायत आणि तुझी पट्टी कोरी! काय झालं ते मला कळायला नको? मला वाईट वाटेल ते माझं मी बघेन. तू कोण ठरवणार?" त्यानंतर तिने कधी काही गाळलं नव्हतं.

आज तिला गाळावंसं फार वाटलं. या क्षणी घरी त्या ही ओळ वाचत असणार. भर दुपारी वाचत बसलेला माणूस.

तिने लिहिलं, 'वाचणार कोण?' आणि पुढे कंसात लिहिलं, 'सभागृहात हशा'.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "धन्य आहे तुमची," एवढंच म्हणाले. तिला रडू येत होतं, पण डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

अध्यक्षांनी कलम मताला टाकलं. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं. पुढच्या बाकांवरून मोठा आवाज आला. तिने लिहिलं, 'होय'. प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं. गोंगाटात काही कळेना, म्हणून अध्यक्षांनी हातोडा आपटला आणि पुन्हा विचारलं. मागच्या बाकांवरून चार सुटे आवाज आले. एक तर खोकतच म्हणाला. तिने लिहिलं, 'नाही'.

'होयचे बहुमत. कलम संमत.'

"आता तरी उठा," मास्तर म्हणाले. ती उठली. पट्टा सोडला तेव्हा मनगटावर त्याचे वळ उमटले होते.

"पुढे काय करणार, मास्तर?"

"काय करायचं? पुन्हा क्लास काढतो," ते बसता बसता म्हणाले. "विद्यार्थी तेवढे तुम्ही शोधून द्या."

घरी जाताना बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली, तरी तिला त्याचं काही वाटलं नाही. सासूबाईंना काय लिहायचं याची ती मनात जुळवाजुळव करत होती आणि एकही वाक्य जुळत नव्हतं. दुसऱ्यांची हजारो वाक्यं लिहिणाऱ्या बाईला स्वतःचं एक सापडू नये!

जिन्यात शेजारच्या काकू भाजीची पिशवी घेऊन उभ्याच होत्या.

"बरं झालं बाई आलीस. तुझ्या सासूबाई बऱ्या आहेत ना गं?"

"का हो? काय झालं?"

"अगं, दुपारी एकदम ओरडल्या, 'नाही!' म्हणून. भिंतीतून ऐकू आलं. थोड्या वेळाने पुन्हा एकदा, आणखी जोरात. मला वाटलं, घरात कोणी शिरलं की काय. धावत जाऊन बेल दाबली, मग आठवलं, त्यांना बेल कुठली ऐकू यायला? खिडकीतून डोकावले तर टीव्हीसमोर उभ्या. अगदी ताठ. खोलीत दुसरं कुणी नाही. डॉक्टरांना दाखव हो एकदा. या वयात असं होतं."

"नाही काकू," ती म्हणाली. "बऱ्या आहेत त्या."

काकू आत गेल्या. ती मात्र जिन्याच्या कठड्याला धरून तिथेच थांबली. अध्यक्षांनी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा ते तिनेच लिहिलं होतं.

दार ढकललं तेव्हा टीव्ही बंद होता. सासूबाई टेबलाशी बसून भाजी चिरत होत्या.

"आलीस? पाणी तापवून ठेवलंय. हात शेकून घे," त्यांनी नेहमीच्या आवाजात, म्हणजे ओरडून सांगितलं. ती समोर बसली. दारामागची पाटी दिसत होती, पण हात उचलवत नव्हता.

सासूबाई खाली मान घालून चिरत राहिल्या. मग सुरी न थांबवता म्हणाल्या, "'नाही' असं आलं पट्टीवर. किती जण म्हणाले गं?"

एक म्हणो की शंभर, पट्टीत अक्षरं तेवढीच येतात. खूप जण म्हणाले, असं सांगावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण तिने हात वर केला. अंगठा दुमडून चार बोटं दाखवली.

सासूबाईंनी बोटं पाहिली. सुरी बाजूला ठेवली. ओल्या हाताने तिचं मनगट हळूच धरलं, दुमडलेला अंगठा सोडवला आणि सरळ करून इतर बोटांच्या रांगेत उभा केला.

"नीट मोज," त्या म्हणाल्या. तेही शेजारी ऐकू गेलं असणार.