आंजुआराचं तळं

"थुंक ते! गिळू नकोस!" आंजुआरा ओरडली, पण शेजारच्या नीलिमाने तळ्यातलं ओंजळभर पाणी गिळलंच होतं. तिचं तोंड कसनुसं झालं.

"चाची, नुसतं मीठ आहे गं."

आंजुआराला ते कालच कळलं होतं. पौर्णिमेच्या भरतीत नदीचा बांध फुटला आणि तासाभरात खारं पाणी तळ्यात शिरलं. सकाळी रुई मासे पोट वर करून तरंगत होते. समुद्रालगतच्या सातखिरा जिल्ह्याच्या त्या खालच्या टोकाला जमिनीत कुठेही नळ ठोका, पाणी खारटच लागतं. पावसाने भरणारं हे एकच गोडं तळं तीन पाड्यांची तहान भागवत होतं.

अकरा वर्षांपूर्वी पाणी प्रकल्पवाल्यांनी काठावर विटांची टाकी बांधली, तिच्यात गाळायला वाळू भरली, हातपंप बसवला आणि विचारलं, राखण कोण करील? विधवा आंजुआराने हात वर केला. तेव्हापासून दर महिन्याला वाळू उपसून धुवायची, बकऱ्या हाकलायच्या, तळ्यात कपडे बुचकळणाऱ्यांशी भांडायचं. रांग मोडली तर ती सख्ख्या बहिणीलाही सोडत नसे. "नवाबाची लेक का गं तू? हो मागे!"

बांधाचं भगदाड एकोणीस दिवसांनी बुजलं. खारं पाणी उपसलं, तळाचा गाळही काढला. पण झिरपून जे पाणी आलं तेही खारटच. पावसाला अजून तीन महिने होते. आंजुआराने टाकीतली वाळू तीनदा धुतली. चौथ्यांदा धूत असताना प्रकल्पाचे मोतालेब साहेब आले.

"खाला, वाळू गाळ अडवते, मीठ नाही अडवत. तुम्हाला शिकवलं होतं ना?"

"माहीत आहे साहेब. हातांना कोण सांगणार?"

साहेबांनी वाकून टाकीतली वाळू पाहिली.

"पावसापर्यंत काही सोय?" तिने विचारलं.

"होडीने पाणी पाठवतोय. दर चौथ्या दिवशी, घरटी एक कळशी. त्याहून जास्त माझ्या हातात नाही."

घरी सून तहुरा सातव्या महिन्यात होती. मुलगा लांब वीटभट्टीवर. होडीची कळशी दोन दिवस पुरे. पुढे तळ्यातलंच उकळून प्यायचं. तहुराचे पाय सुजले, मग तोंड सुजलं. दवाखान्यातल्या नर्सने दाब मोजून बजावलं, "हिला खारट पाणी देऊ नका."

"मग काय देऊ, आपा?"

नर्सने पुढच्या बाईला आत बोलावलं.

पुढच्या होडीच्या दिवशी तहुरा म्हणाली, "आम्मा, डोकं फुटतंय. डोळ्यांपुढे अंधारी येतेय."

"पडून राहा. पाणी घेऊन आलेच."

धक्क्यावर साठेक बायका होत्या. आंजुआरा रांगेच्या टोकाला उभी राहिली. सूर्य वर चढला तरी रांग हलेना. एकाएकी तिने कळशी काखेत मारली आणि सगळ्यांना ओलांडून थेट होडीपाशी गेली. "माझी सून..." एवढंच बोलली. कोणी हटकलं नाही, टोमणाही मारला नाही. नीलिमा एक पाऊल मागे सरकली. कुणीतरी आपल्याला शिवी हासडावी असं आंजुआराला फार वाटलं. भरली कळशी घेऊन ती खाली मान घालून परतली.

दारात शेजारी जमले होते. तहुराला झटका आला होता. दात घट्ट मिटले होते. तिला तीनचाकी व्हॅनरिक्षावर घालून माणसं निघालीच होती. आंजुआराने कळशी उंबऱ्यात ठेवली आणि धावत जाऊन सुनेचं डोकं मांडीवर घेतलं.

तहुरा वाचली. मुलगी जिवंत जन्मलीच नाही. तिला दवाखान्याजवळच मातीआड केलं.

चौथ्या दिवशी तहुरा घरी आली. अंगणात बसली ती उठेना, बोलेना. केसांत मिठाचा थर होता. आंजुआराने उंबऱ्यातली ती कळशी उचलली. झाकण तसंच होतं. एक थेंबही कमी झालेला नव्हता.

"आम्मा, ते प्यायचं पाणी," तहुरा पुटपुटली.

"मान खाली कर."

तिने तांब्या-तांब्याने सगळं पाणी तहुराच्या केसांवर ओतलं, साबण लावला. कितीतरी दिवसांनी साबणाला फेस आला. कुंपणापलीकडे रिकाम्या घागरी घेतलेल्या दोघीतिघी थबकल्या. अंगणातून वाहत जाणारं गोडं पाणी त्या बघत राहिल्या.

आंजुआरा एकेक बट हातात घेऊन सावकाश चोळत होती.