बाजाराच्या दिवशी सभा

"शाळा खंय बांधूची ता सगळ्या गावान हात वर करून ठरवूचा," असं सरपंच दत्तारामने पंचायतीच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा जानकी अस्वस्थ झाली. आरोंद्याजवळच्या त्या गावाचे खाडीने दोन तुकडे केले होते. अलीकडे शेतकऱ्यांची वाडी, पलीकडे मासे धरणाऱ्यांची. पलीकडे माणसं जास्त. शाळा तिकडे गेली तर तिच्या लेकीला, सावित्रीला, रोज होडीतून जावं लागणार होतं.

जानकी पंचायतीची सभासद होती. बैठक संपल्यावर ती मागे थांबली.

"भावजी, सभा शिरोड्याच्या बाजाराच्या दिवशी ठेवया."

"वयनी, त्या दिवशी पलीकडचा कोण येतला?" दत्ताराम म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे बघून हसला.

बाजाराच्या दिवशी पलीकडची घरं मासे घेऊन शिरोड्याला जात. सभेला तिकडून दोन-तीन म्हातारे तेवढे आले. शाळा अलीकडे मंजूर झाली आणि उन्हाळ्याआधी उभीही राहिली. पुढच्या पावसाळ्यात होडी बंद पडली आणि पलीकडची मुलं घरी बसली.

दिवाळीच्या सुमाराला पलीकडची मथुरा मासे विकायला जानकीच्या अंगणात आली. दोघींची जुनी ओळख.

"तुझी लक्ष्मी शाळेत दिसणा नाय ती?" जानकीने मथुरेच्या लेकीबद्दल विचारलं.

"पावसात घराक रवली, मागे पडली. बापाशीन तिका मुंबयक धाडल्यान, मावशेची पोरा सांभाळूक." मथुरेने बांगडे मोजता मोजता सुस्कारा सोडला. "सभेच्या दिवशी आमी बाजारात. तू तरी थंय होतंस. आमच्या बाजून बोललंस आसतलंस."

जानकी पैसे आणायला आत गेली. त्या दिवसापासून संध्याकाळी सावित्री पाढे म्हणायला बसली की ती उठून परसात जाई. नवऱ्याने विचारलं, "तुका झाला तरी काय?" तर म्हणाली, "काय नाय."

पुढच्या खेपेला मथुरा आली तेव्हा जानकीने तिला पायरीवर बसवलं.

"मथुरा, बाजाराचो दिवस मीच सांगलंय. तुमी येवचास नाय म्हणान."

मथुरेने टोपली उचलून डोकीवर घेतली.

"माझा चेडू मुंबयत मावशेकडची धुणी धुता गो," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जानकी दत्तारामकडे गेली. "पुन्हा सभा घेवया. सांजच्या वेळी, होड्यो परतल्यार."

"शाळा तर बांधून झाली वयनी!"

"शाळा रवांदे. पलीकडे लहान पोरांचो एक वर्ग होवंदे, आणि थंयच रवतलो मास्तर. नाय घेतलास सभा, तर बाजाराची गोष्ट मी चारचौघांत सांगतलंय. माझ्या नावासकट."

सभा झाली. पलीकडची वाडी होड्या भरून आली. अलीकडच्यांत हात वर गेला तो एकट्या जानकीचा. शेजारची राधाबाई तिच्यापासून सरकून बसली. ठराव मंजूर झाला. मथुरेनेही हात वर केला होता, पण जानकीकडे एकदाही पाहिलं नाही.

लोक उठले तशी जानकी तिच्या मागोमाग धक्क्यावर गेली.

"मथुरा, लक्ष्मीक आता मुंबयसून परत हाड."

"मगाशी हात वर केलंय तो धाकट्या पोरासाठी," मथुरा म्हणाली. "लक्ष्मी म्हणता, लहान पोरांत बसाक माका लाज वाटता."

ती होडीत चढली. जानकी धक्क्यावर उभी राहिली. घरी सावित्री जेवायची थांबली असेल हे तिला ठाऊक होतं, तरी पाय उचलेना.