काचेच्या बशीतल्या पेशी

मी प्रयोगशाळेतली काचेची बशी बोलतेय. बशी म्हटलं की तुम्हाला चहा आठवेल, पण माझ्यात जिवंत पेशी वाढायच्या. भट्टीतून निघाले ती एक गुण घेऊनच: जे ठेवाल ते सांभाळते, पदरचं त्यात काही घालत नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पुढे प्लास्टिकच्या बशा आल्या. हलक्या, वापरून फेकायच्या, धुण्याची कटकट नाही. माझी रवानगी कपाटाच्या कोपऱ्यात झाली.

मग इथे एक संशोधक ताई आली. प्लास्टिकमधली काही रसायनं शरीरात हार्मोनचं सोंग घेतात. कोवळ्या पेशींना फितवून ती त्यांच्या चरबीच्या पेशी करतात का, हे तिला पाहायचं होतं. काही बशांत तिनं रसायन घातलं, काहींत नुसतं खाद्य. पण चरबी लाल दाखवणारा रंग टाकून पाहिलं तर दोन्हीकडे, नुसत्या खाद्यातही, चरबीचे लाल थेंब.

"तुझ्याच हातून गोंधळ होतोय," प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले. "विषय बदल."

"सर, न घातलेलं काहीतरी पेशींना मिळतंय. ते शोधू द्या."

"महिनाअखेरपर्यंत शोध. नंतर हे टेबल दुसऱ्याला देईन."

ती टेबलावरची एकेक वस्तू निरखू लागली. बशा प्लास्टिकच्या. खाद्य कालवायच्या पाण्याची बाटलीही प्लास्टिकची, जंतू मारायला पाण्यासकट वाफेवर तापवलेली. ताडकन उठून तिनं कपाट उघडलं.

मला आणि माझ्या जोडीच्या बहिणीला तिनं स्वतः घासूनपुसून घेतलं. माझ्यात काचेच्या बरणीतल्या पाण्यात कालवलेलं खाद्य, बहिणीत त्या बाटलीतल्या पाण्यात कालवलेलं. बाकी सारं सारखं. पेशी वाढवायच्या उबदार कपाटात आम्ही शेजारी शेजारी राहिलो. पेशी मला बिलगून लांबट, सडसडीत वाढत होत्या. मी त्यांना जिवापाड सांभाळलं.

रंग टाकून धुतला, तेव्हा बहीण लाल ठिपक्यांनी भरली होती. मी जवळजवळ स्वच्छ.

सर सूक्ष्मदर्शकावरून बराच वेळ उठले नाहीत. "रसायन बाटलीतूनच पाण्यात उतरत होतं तर," ते हळूच म्हणाले. "पुन्हा करून बघ. जागा कमी पडली तर माझंही टेबल घे."

ताईनं पुन्हा केलं. तेच आलं. एवढ्यानं सगळं सिद्ध होत नाही म्हणते, अजून खपतेच आहे.

आता माझी कड उडालीय, पेशी ठेवत नाहीत. तरी नवी मुलं आली की ताई मला हातात घेऊन सांगते, "हिनं मला वाचवलं." तेव्हा मी जरा जास्तच चमकते. तुमच्याकडे मागणं एकच. कोवळ्या पेशीला काय व्हायचंय, ते तिचं तिला ठरवू द्या.