लोकरीने बांधलेला बाबा

शाळेची वेळ झाली की सुन्नीवा पोट धरून बसायची. जानेवारीपासून हेच चालू होतं. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही, तेव्हा त्यांनी तिला प्ले थेरपिस्टकडे, खेळातून उपचार करणाऱ्या बाईंकडे पाठवलं.

तिचा बाबा ओडवार वैतागला होता. त्याची मासेमारीची बोट विकून वर्ष झालं होतं. बायको आठवडा-आठवडा फेरीबोटीवर कामाला, घरात तो आणि ही सात वर्षांची लेक.

"ढोंगं आहेत सगळी," तो थेरपिस्ट योरुनला म्हणाला. "बाहुल्या खेळून पोट कसलं बरं होतंय?"

"आज तिनेच तुम्हाला आत बोलावलंय," योरुन म्हणाली. "फक्त मध्ये बोलू नका."

सुन्नीवाने बाहुलीघरासमोर फतकल मारली. बाबा-बाहुला खुर्चीत बसवला आणि लाल लोकरीने त्याला गुंडाळायला लागली. ओडवारला हसूच आलं. मग तिने खेळण्यातल्या सुऱ्या, कात्री, दोरी वेचून डब्यात भरली, झाकण लावलं आणि स्वतः त्यावर बसली.

"बाबाला अगदी घट्ट बांधलंय," योरुन म्हणाली.

"मुलगी शाळेत गेली की घरी कोणी नसतं ना."

"मग काय होतं?"

"मग तो मरेल." सुन्नीवाने मान वर केली नाही. "तो फोनवर काकाला म्हणाला, सकाळी जागच येऊ नये असं वाटतं."

ओडवारला धस्स झालं. दार लावून, आवाज दाबून तो भावाशी बोलला होता. पोर तेव्हा झोपली असेल असंच धरून चालला होता. म्हणजे इतके दिवस ही घरी थांबून त्याच्यावर पहारा देत होती, आणि तो तिच्यावर खेकसत होता!

चेष्टेत म्हणालो, असं सांगावंसं त्याला वाटलं. ते न सांगता तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

"म्हणालो होतो मी तसं. खरं आहे. पण माझी राखण तू नाही करायची, सुन्नी. ते मोठ्यांचं काम."

"कुठल्या मोठ्यांचं?"

त्याने योरुनकडे पाहिलं.

"एक तर माझं," योरुन म्हणाली. "आणि इथून निघायच्या आत तुझा बाबा आणि मी डॉक्टरांना फोन करणार आहोत. तुझ्यासमोर."

फोन झाला. दुसऱ्याच दिवशीची वेळ मिळाली. ओडवारचा भाऊ बॅग घेऊन राहायला आला, बायकोने रजा काढली.

सुन्नीवा लगेच शाळेत रमली असं नाही. आधी दोन तास, मग अर्धा दिवस. मधल्या सुट्टीत ती बाबाला फोन करायची आणि विचारायची, "काय करतोयस?"

"बटाटे सोलतोय," तो सांगायचा. कधी म्हणायचा, "आज बरं नाही वाटत गं, पण काका इथेच आहे."

"बरं," म्हणून ती खेळायला पळायची.